भर पावसात जमीन कोण करता? : पस्तीस वर्षांनी उलगडलेल्या एका खुनाचा प्रकरण अभ्यास

सिंधुदुर्गातल्या किनाऱ्यावरचं एक कौलारू घर. जुलै 1989. घरातली थोरली सून, वय 29, लग्नाला नऊ वर्षं, पदरी सहा वर्षांची मुलगी. ता. 19 जुलैला नवरा पोलीस ठाण्यात जाऊन लिहून देतो की बायको काल सकाळी रागाच्या भरात कपडे घेऊन घरातून निघून गेली. त्यानंतर पस्तीस वर्षं ती कागदावर ‘बेपत्ता’ राहते आणि गावाच्या बोलण्यात ‘पळान गेलेली’. 2024 च्या अखेरीस त्याच घराच्या कोठीच्या खोलीतली फरशी उचलली जाते आणि खाली तिची हाडं सापडतात.

आधीच स्पष्ट करतो. हे घर, ही माणसं आणि इथल्या तारखा कुठल्याही एका खटल्यातल्या नाहीत. नव्या वकिलांना आणि तपास अधिकाऱ्यांना शिकवण्यासाठी मी हे प्रकरण रचलं आहे, म्हणून गावाला आणि माणसांना नावं दिलेली नाहीत. कायद्याची कलमं, न्यायालयांचे निकाल, माती आणि हाडांचं शास्त्र, कोकणातल्या घराच्या रीती मात्र आहेत तशा ठेवल्या आहेत. जुन्या प्रकरणांबद्दल बोलताना आपण फार लवकर प्रयोगशाळेकडे वळतो. माझं म्हणणं वेगळं आहे. हा खून उलगडायला लागणारी जवळजवळ सगळी माहिती 1989 मध्येच त्या घरात होती. ती बायकांकडे होती, आणि बायकांना कुणी विचारलं नव्हतं.

पहिला तपास

जुनी फाइल पातळ आहे. नवऱ्याचा अर्ज, त्याचा जबाब, धाकट्या भावाचा जबाब, पोलीस पाटलाचा जबाब आणि एका एसटी कंडक्टरचा जबाब. कंडक्टर म्हणतो की त्या सुमारास रातराणीला एक एकटी बाई चढली होती, चेहरा आठवत नाही. शेवटी शेरा : ‘शोध चालू आहे’.

चारही जबाब पुरुषांचे. घरात तेव्हा सासू होती, धाकटी जाऊ होती, सहा वर्षांची मुलगी होती. एकीचाही जबाब नाही. बाईचा जबाब घ्यायला तिला ठाण्यात बोलवायचं नसतं, तिच्या राहत्या ठिकाणी जायचं असतं, ही तरतूद त्या वेळच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 160 मध्येही होती. म्हणजे घरापर्यंत जायला हवं होतं. कोणी गेलं नाही, कारण नवऱ्याचं वाक्य सगळ्यांना पटलं होतं. बाई रागावून गेली, कुणाबरोबर तरी गेली असेल, मुंबईला गेली असेल. तिच्या भावानं देवळात कौल लावला, गाऱ्हाणं घातलं, आणि बहीण कुठे तरी सुखरूप आहे या आशेवर तो थांबला. त्याला दोष देण्यासारखं काही नाही. बहीण जिवंत आहे असं मानणं दुसऱ्या शक्यतेपेक्षा सोपं होतं.

नवरा मुंबईच्या गिरणीत होता. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यातले पुष्कळ कोकणातले होते. तोही घरी परतला तो कायमचाच. पैसा नाही, भावकीत हिस्सा कमी, दारू, बायकोवर संशय. शिकवताना विद्यार्थी इथे लगेच ‘हेतू’ असं लिहून टाकतात. मी खोडायला लावतो. संपानं हजारो घरं मोडली, त्या घरांत खून झाले नाहीत. हेतूच्या जागी परिस्थिती लिहिली की तपास आळशी होतो.

1983 पासून भारतीय दंड संहितेत 498-अ आलं होतं, म्हणजे नवऱ्याकडून होणारी क्रूरता हा वेगळा गुन्हा होता. लग्नाला सात वर्षं पुरी होण्याआधी विवाहितेचा संशयास्पद मृत्यू झाला तर सक्तीनं शवविच्छेदन करायचं, हेही त्याच सुमारास आलं. पण इथे लग्नाला नऊ वर्षं झाली होती, आणि मुळात प्रेतच नव्हतं. प्रेत नाही म्हणून अकस्मात मृत्यूची नोंद नाही, ती नोंद नाही म्हणून पंचनामा नाही. बेपत्ता नोंदवहीत एक ओळ पडली आणि घराचं दार बंद झालं.

1991 मध्ये नवऱ्यानं दुसरं लग्न केलं. पहिली कागदावर जिवंत असताना, बेपत्ता माणूस मेला असं मानायला लागणारी सात वर्षं उलटलेली नसताना. बायको कधीही परत येऊ शकते असं ज्याला खरंच वाटतं, तो माणूस इतका निश्चिंत कसा राहिला, हा प्रश्न भावकीतल्या कुणीच मोठ्यानं विचारला नाही.

फेरफारातली तारीख

मुलगी मोठी झाली, लग्न होऊन चिपळूणला गेली. 2024 मध्ये आजोळच्या कुळागराच्या वाटणीचा विषय निघाला, तेव्हा मामानं तिला जुन्या फेरफारांच्या नकला काढायला सांगितलं. आजोबा 1996 मध्ये वारले होते. 1997 च्या वारस नोंदीत, गाव नमुना 6-क मध्ये, तिच्या आईच्या नावापुढे लिहिलं होतं : ‘मयत ता. 12/7/1989’. वारस म्हणून मुलीचं नाव, आणि त्यापुढे ‘अ.पा.क.’ करून वडलांचं.

अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालन कर्ता. सातबारा वाचणाऱ्याला हे ओळखीचं आहे. आई बेपत्ता राहिली असती तर हिस्सा तिच्याच नावावर लागला असता आणि नवऱ्याला त्याला हात लावता आला नसता. आई मयत दाखवली की हिस्सा चौदा वर्षांच्या मुलीकडे येतो आणि वहिवाट पालन कर्त्याकडे. त्या लोभापायी हा माणूस तलाठ्यासमोर बसून बायको मेली असं सांगून आला. सांगताना तारीखही देऊन आला.

पोलिसांकडच्या कागदात 18 जुलैला सकाळी ती चालत घराबाहेर पडते. तलाठ्याकडच्या कागदात ती 12 जुलैलाच मेलेली आहे. दोन्ही कागदांवर एकाच माणसाची सही. दोन्ही कागद सरकारी, एकाच तालुक्यातले, आणि सत्तावीस वर्षं एकमेकांना भेटले नव्हते.

इथे विद्यार्थ्यांना थांबवावं लागतं, कारण ते उड्या मारायला लागतात. नोंदीतली तारीख तलाठ्याची लेखनचूक असू शकते. वारस तपासात पंच काहीही सांगतात, मृत्यूचा दाखला मागितला जायला हवा होता तो मागितला गेला नाही. बचाव पक्ष हेच म्हणणार. म्हणून नुसत्या फेरफाराच्या नकलेवर न थांबता तहसीलच्या अभिलेख कक्षातून मूळ वारस तपासाचं बाड शोधायचं. ते सापडलं. त्यात नवऱ्याचा जबाब होता, खाली त्याची सही होती, आणि मजकुरात ती तारीख अक्षरी होती : बारा जुलै एकोणीसशे एकोणनव्वद. आकडा चुकतो, अक्षरी तारीख सहसा चुकत नाही. भावानं, म्हणजे मुलीच्या मामानं, त्याच बाडातल्या नोटिशीवर न वाचता सही केली होती. सत्तावीस वर्षांनी ती सही पाहून तो म्हातारा माणूस काय झाला असेल, याची कल्पना मी वर्गात कुणाला करायला सांगत नाही.

मुलीनं लेखी तक्रार दिली. खुनाच्या गुन्ह्याला मुदतीचं बंधन नाही. फौजदारी प्रक्रियेच्या संहितेतली मुदत तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांपुरती आहे. गुन्हा 1989 चा म्हणून कलमं भारतीय दंड संहितेचीच, 302 (खून) आणि 201 (पुरावा नष्ट करणं). तक्रार 1 जुलै 2024 नंतरची म्हणून तपासाची पद्धत भारतीय नागरिक सुरक्षा संहितेची. जुन्या गुन्ह्याला नवी कलमं लावण्याची चूक या काळात बऱ्याच जणांच्या हातून होते, म्हणून हे वेगळं सांगितलं.

काकी

तपास अधिकारी बाईनं पहिलं काम चांगलं केलं. मुलीचा सविस्तर जबाब तिनं काकीला भेटण्याआधी, एकटीला बसवून घेतला. सहा वर्षांच्या मुलाची आठवण पस्तीस वर्षांनी सांगितली जाते तेव्हा तिच्यात ऐकलेलं किती आणि पाहिलेलं किती हे वेगळं करणं फार अवघड असतं. दोघी साक्षीदार एकदा एकमेकींशी बोलल्या की ते कायमचं अशक्य होतं.

मुलीला तीनच गोष्टी आठवत होत्या. एका रात्री तिला शेजारच्या घरी झोपायला पाठवलं. दुसऱ्या दिवशी परत आली तर आई नव्हती. आणि कोठीच्या खोलीत ओल्या जमिनीवर पाय ठेवला म्हणून आजीनं तिला मारलं. एवढंच. आईचा चेहरासुद्धा तिला फोटोवरूनच माहीत आहे, असं तिनं स्वतःहून सांगितलं. अशी कबुली साक्षीदाराची किंमत वाढवते.

काकी, म्हणजे धाकटी जाऊ, आता 61 वर्षांची. तिचा नवरा 2019 मध्ये वारला. सासू त्याआधीच गेली होती. अधिकारी तिच्या घरी गेली, खळ्यात बसली, चहा घेतला आणि विचारलं. काकी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली,

“माका कोणी इचारूकच नाय.”

आणि त्यानंतर,

“भर पावसात जमीन कोण करता?”

कोकणाबाहेरच्या वाचकाला हे वाक्य उलगडून सांगायला हवं, कारण अख्खं प्रकरण त्याच्यावर उभं आहे. जुन्या घरात खोलीची जमीन मातीची. सड्यावरून, म्हणजे जांभ्याच्या माळावरून, लाल माती आणायची, भिजवायची, पसरायची, लाकडी चोपण्यानं दिवसचे दिवस चोपायची, मग शेणानं सारवायची. याला ‘जमीन करणं’ म्हणतात. ते काम पाऊस गेल्यावर करतात, दिवाळीच्या आसपास, ऊन लागून जमीन वाळावी म्हणून. आषाढात माती चिखल असते, हवेत ओल असते, केलेली जमीन आठवडेच्या आठवडे वाळत नाही, बुरशी धरते. कुठलीही बाई पावसाळ्यात जमीन करायला घेणार नाही. पुरुषाला हे कळेलच असं नाही. बाईला कळतंच, कारण सारवायचं तिला असतं.

काकीनं पाहिलं ते असं. थोरला दीर आणि तिचा नवरा मागीलदारानं रात्री पाट्या भरभरून माती आत नेत होते. सासू पहाटेपर्यंत चोपत होती. खोलीत चुन्याचा वास होता. तीन दिवस घमेल्यात विस्तव ठेवून ती जमीन वाळवायचा खटाटोप चालला होता आणि घरभर धूर होता. तिनं विचारलं तेव्हा सासू म्हणाली, “उंदरांनी पोखरल्यानी.” त्या दिवसापासून जाऊ दिसली नाही. ‘कपडे घेऊन गेली’ असं बाहेर सांगितलं गेलं, पण जावेच्या दोन्ही बऱ्या साड्या दांडीवरच होत्या.

तारीख विचारली तर काकीला सांगता येईना. तिनं वेगळं सांगितलं. “माझो झील पोटात होतो. सातवो म्हयनो.” मुलाचा जन्मदाखला काढला : 20 सप्टेंबर 1989. सातवा महिना म्हणजे जुलै. त्या काळच्या बायका दिनदर्शिकेवर नाही, बाळंतपणांवर काळ मोजत होत्या. तपासात तो हिशेब कामाचा आहे, कारण त्याला सरकारी कागदाचा आधार मिळतो.

आणखी एक गोष्ट काकीनं सांगितली, ती माझ्या मते सगळ्यात बोलकी आहे. पुढच्या वर्षीपासून, म्हणजे 1990 पासून, त्या घरात पितृपक्षात अविधवा नवमीला एक सवाष्ण जेवायला बोलावली जायला लागली. अविधवा नवमी ही अहेव गेलेल्या बाईची, नवऱ्याच्या आधी मेलेल्या बाईची तिथी. बाहेर ‘पळाली’ म्हणून सांगितलेल्या सुनेसाठी सासू घरात दरवर्षी पान वाढत होती. तिनं खून लपवला, पण मेलेल्या सुनेला उपाशी ठेवायची तिची छाती झाली नाही. थोरला त्या पानाला नमस्कार करत असे, हे काकीनं आणि जेवायला येणाऱ्या शेजारणीनंही सांगितलं.

पुरावा म्हणून याचं मोल किती? आरोपीची वागणूक संबद्ध असते, पूर्वीच्या पुरावा कायद्याच्या कलम 8 पासून. पण बचाव म्हणेल की हे पान घरातल्या दुसऱ्या कुणा अहेव गेलेल्या बाईचं होतं. म्हणून कुळातल्या तीन पिढ्यांच्या बायकांची यादी करावी लागली, कोण कधी गेली, आधी नवरा की आधी बायको. 1990 च्या आधी त्या घरात अविधवा नवमी होत नव्हती, हे दोन वेगवेगळ्या म्हाताऱ्यांकडून आलं, तेव्हा कुठे तो धागा जरा घट्ट झाला. तरीही तो धागाच आहे. दोर नव्हे.

आता काकीच्या साक्षीतली कायद्याची अडचण. त्या रात्री तिच्या नवऱ्यानं झोपताना तिला काहीतरी सांगितलं. काय सांगितलं ते तिला न्यायालयात सांगता येत नाही. नवरा-बायकोत लग्नाच्या काळात झालेलं बोलणं उघड करायला संमती लागते, आणि नवरा मेला म्हणून तो पडदा दूर होत नाही. सर्वोच्च न्यायालयानं एम. सी. वर्गीस प्रकरणात लग्न संपलं तरी लग्नातल्या काळातल्या बोलण्याचं संरक्षण टिकतं असं मानलं. पण बोलणं वेगळं आणि कृती वेगळी. 1954 च्या रामभरोसे प्रकरणात त्याच न्यायालयानं सांगितलं की बायकोनं नवऱ्याला काय करताना पाहिलं हे ती सांगू शकते. तिथे बायकोनं नवऱ्याला पहाटे छपरावरून उतरताना, भुशाच्या खोलीत जाताना, अंघोळ करताना पाहिलं होतं. म्हणून इथे ‘नवरा म्हणाला’ यातलं एकही वाक्य जबाबात ठेवायचं नाही, आणि ‘नवरा पाटी घेऊन जाताना दिसला’ हे एकही वाक्य सोडायचं नाही. अधिकाऱ्यानं हा फरक सांभाळला आणि मग काकीचा जबाब दंडाधिकाऱ्यांसमोर नोंदवून घेतला.

काही जण विचारतात, काकीवर गुन्हा का नाही? खुनाची माहिती देण्याचं कर्तव्य सगळ्यांवर आहे, हे खरं. पण तिनं खून पाहिला नव्हता. तिनं जमीन पाहिली होती. सातव्या महिन्यातली सव्वीस वर्षांची बाई, माहेर गरीब, नवरा त्यातच अडकलेला, आणि खोलीत काय पुरलंय ते मनातल्या मनात कळूनही त्याच घरात पस्तीस वर्षं भात शिजवायचा. तिला आरोपी केलं असतं तर प्रकरण तिथेच संपलं असतं, आणि ते न्याय्यही झालं नसतं, असं माझं ठाम मत आहे.

चार बोटं उंच

संशयावरून घर खणता येत नाही. जागा निश्चित करायला आणखी एक आधार मिळाला, तो दुसऱ्या बायकोकडून. 2004 मध्ये तिनं हट्ट धरून घरभर फरशी करून घेतली. फरशी घालायची तर आधी मातीची जमीन खणून काढतात, खाली दगड-चिरे भरतात, मग काँक्रीट. बाकीच्या सगळ्या खोल्यांत तसंच झालं. कोठीच्या खोलीत मात्र नवऱ्यानं खणू दिलं नाही, मातीवरच काँक्रीट ओतायला लावलं. त्यामुळे ती खोली माजघरापेक्षा चार बोटं उंच झाली आणि उंबऱ्याशी दुसऱ्या बायकोला वीस वर्षं ठेच लागत राहिली. गवंडी अजून आहे. “मालकान आतली खोली खणूक देऊक नाय,” एवढंच तो म्हणाला, आणि तेवढं पुरेसं होतं.

ही दुसरी बायको त्या खोलीत भात काढायला रोज जात होती. तिच्याबद्दल लिहावंसं वाटतं पण तिचा जबाब लहान आहे. तिनं फक्त विचारलं, “माज्या लग्नाच्या येळाक ती थंयच होती?”

जमिनीखालचं शोधणारं रडार आणायचा विचार झाला. कोरड्या जागी ते उपयोगी पडतं, पण किनाऱ्याच्या खारट ओलीत त्याच्या लहरी लवकर विरतात. म्हणून हातानं खणायचं ठरलं. पंच, न्यायवैद्यक तज्ज्ञ, चित्रीकरण. फरशी आणि काँक्रीट काढल्यावर खुरप्यानं आणि ब्रशानं थर थर उतरवत गेले, निघालेली सगळी माती चाळणीतून गाळली. खोलीच्या मधोमध जुनी, घट्ट, कितीतरी वर्षांची चोपलेली जमीन एका लांबट चौकोनात कापलेली दिसली. त्या चौकोनात भरलेली माती वेगळी होती, लाल मातीची ढेकळं आणि पांढरी वाळू एकत्र कालवलेली. वर एकच नवी चोपणी, ओबडधोबड. काकीनं सांगितलेली आषाढातली जमीन तीच.

तीन फुटांखाली सांगाडा होता.

इथे भूगोल मदतीला आला. कोकणातली जांभ्याची माती आम्लधर्मी आहे आणि पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या घरात. सड्यावर उघड्यावर पुरलं असतं तर पस्तीस वर्षांत हाडांचं पीठ झालं असतं. पण घर पुळणीवर आहे, समुद्राच्या वाळूत. त्या वाळूत शिंपल्यांचा चुरा असतो, म्हणजे चुनखडी, आणि ती हाडं टिकवते. वरून कौलांचं छप्पर, त्यामुळे पावसाचं पाणी थेट नाही. आणि चुना. प्रेत लवकर नाहीसं व्हावं म्हणून त्यांनी शिंपल्यांचा चुना टाकला होता. ही समजूत जगभर आहे आणि चुकीची आहे. डुकरांची शवं पुरून केलेल्या प्रयोगांत चुना कुजणं लांबवतो असंच दिसलं आहे. लपवण्यासाठी टाकलेल्या चुन्यानं तिला राखून ठेवलं.

सांगाड्याबरोबर निघालं : नायलॉनच्या साडीचे तुकडे (सुती परकर पार कुजला होता), काचेच्या बांगड्यांचे हिरवे तुकडे, काळे मणी आणि दोन्ही पायांतली चांदीची जोडवी. घर सोडून निघालेली बाई खोलीच्या जमिनीखाली जोडव्यांसकट सापडली.

कटीच्या हाडावरून बाई, वय अंदाजे पंचवीस ते पस्तीस. कवटीच्या डाव्या बाजूला, कानाच्या वर, आत दबलेला भंग, त्यातून बाहेर पसरलेल्या रेषा. भंगाच्या कडांचा रंग बाकीच्या हाडासारखाच होता. खणताना तुटलं असतं तर कडा फिकट, ताज्या दिसल्या असत्या. म्हणजे जखम मृत्यूच्या वेळची. हत्यार कोणतं ते तज्ज्ञांनी सांगितलं नाही, बोथट एवढंच लिहिलं. बरं केलं. जास्त सांगणारा तज्ज्ञ उलटतपासणीत पडतो.

ओळखीसाठी दाढा आणि कानामागचं घट्ट हाड पाठवलं, कारण उष्ण दमट हवेत डीएनए टिकतो तो तिथेच. पेशीकेंद्रातला डीएनए अर्धवट मिळाला, मुलीशी जुळला. आईकडून येणारा मायटोकॉन्ड्रियल डीएनए पूर्ण मिळाला, मुलीशी आणि मामाशी जुळला. मायटोकॉन्ड्रियल जुळणी एकटी पुरत नाही, एका आजीची सगळी लेकरं त्यात सारखीच. पण अर्धवट केंद्रकीय जुळणी, जोडवी, वय आणि जागा यांच्यासोबत ती ठेवली की शंका उरत नाही.

न्यायालयात काय टिकेल

आरोपी आता 71 वर्षांचा आहे. अटकेनंतर तो म्हणाला, आईनं केलं, मला नंतर कळलं. मेलेल्या माणसावर ढकलणं हा घरगुती खुनातला नेहमीचा बचाव. पोलिसांसमोरचं त्याचं बोलणं कबुली म्हणून चालत नाहीच, आणि हाडं त्याच्या सांगण्यावरून निघालेली नसल्यानं शोधाचं कलमही (आरोपीच्या सांगण्यावरून वस्तू सापडली तर बोलण्याचा तेवढा भाग पुराव्यात घेणारं) लागत नाही. सगळा भार परिस्थितीजन्य पुराव्यावर आहे. त्यासाठी 1984 च्या शरद बिरधीचंद सारडा निकालातली पाच तत्त्वं समोर ठेवायची : प्रत्येक परिस्थिती पूर्ण सिद्ध हवी, आणि साखळी अशी हवी की आरोपीच्या निर्दोषपणाला जागाच राहू नये.

त्याच्या जोडीला 2006 चा त्रिमुख मारोती किरकन निकाल, तोही महाराष्ट्रातलाच. बायको साप चावून मेली असं सासरच्यांनी सांगितलं होतं, निघाला गळा दाबून केलेला खून. घराच्या चार भिंतींत झालेल्या गुन्ह्याचा पुरावा बाहेरच्यांकडे कसा असणार, घरात असलेल्यानं समाधानकारक खुलासा करायला हवा, नुसतं गप्प बसून किंवा खोटं सांगून चालणार नाही, असं न्यायालयानं म्हटलं. हे तत्त्व पुरावा कायद्याच्या कलम 106 वर उभं आहे, आता भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम 109. पण नवे वकील याचा अर्थ ‘आता आरोपीनंच सिद्ध करायचं’ असा घेतात. तसं नाही. आधी सरकार पक्षानं पाया घालायचा, मग खुलासा मागायचा.

पाया कुठे पक्का आहे आणि कुठे कच्चा, ते मला असं दिसतं. तिचा मृत्यू, तो जखमेनं झाला हे, प्रेत घरात पुरलं हे, त्यात नवऱ्याचा हात होता हे : पक्कं. पुरावा नष्ट करण्याचं 201 निःसंशय. खुनाचं 302 त्याच्यावरच, आईवर नाही, हे सिद्ध करताना मात्र दोनच कागद खरे कामाचे आहेत. पोलिसांना दिलेली खोटी 18 तारीख आणि तलाठ्याला दिलेली खरी 12 तारीख. ‘मला नंतर कळलं’ म्हणणाऱ्यानं ‘नंतर’ म्हणजे कधी हे सांगायला हवं, आणि तो आठवडाभरानं ठाण्यात जाऊन बायको सकाळी चालत गेली असं लिहून देतो. पुरण्याच्या रात्री पाट्या वाहणाऱ्याला ‘नंतर’ हा शब्द वापरता येत नाही. मला हे पुरेसं वाटतं. माझ्या वर्गातले निम्मे बचावाच्या बाजूनं जातात, सदोष मनुष्यवधापर्यंतच पोचता येतं म्हणतात, आणि त्यांचं म्हणणं मी चुकीचं ठरवू शकत नाही.

काकीच्या उशिरा आलेल्या जबाबावर हल्ला होईल तो वेगळाच. पस्तीस वर्षं गप्प का? उशीर झाला म्हणून साक्ष आपोआप खोटी होत नाही, उशिराचं कारण पटायला हवं. तिचं कारण तिनं पहिल्याच वाक्यात दिलं आहे आणि सरकारी वकिलानं ते तिच्याच बोलीत, जसंच्या तसं नोंदवून घ्यायला हवं. प्रमाण मराठीत ‘मला कोणीही विचारणा केली नाही’ असं टंकलं की त्यातला जीव जातो.

दोषारोपपत्र दाखल झाल्यावर मुलीनं दोन अर्ज केले. एक न्यायालयात, हाडं अंत्यसंस्कारासाठी मिळावीत म्हणून. तज्ज्ञांनी दाढा आणि कवटी राखून ठेवायला सांगितली, बाकीची हाडं मिळाली. दुसरा अर्ज मृत्यूच्या नोंदीसाठी. वर्षाहून जास्त उशीर झालेल्या नोंदीला दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो, तो मिळाला. मृत्यूची तारीख म्हणून नोंदली गेली 12 जुलै 1989, तिच्या नवऱ्यानं स्वतः सांगितलेली. मृत्यूचं ठिकाण या रकान्यात कारकुनानं काय लिहू म्हणून विचारलं. मुलगी म्हणाली, राहतं घर.